उक्तं, रोजंदारी की सालगडी? सॉफ्टवेअरचं काम बाहेर देण्याआधी

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमच्या नात्यातल्या आप्पांची फाउंड्री आहे. त्यांच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं एक अट घातली. पाठवलेलं प्रत्येक कास्टिंग, म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेला भाग, कोणत्या हीटमधलं आहे आणि त्या हीटचा स्पेक्ट्रो रिपोर्ट काय होता, हे मागितल्याबरोबर दाखवता आलं पाहिजे. हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातूचा घाणा, आणि स्पेक्ट्रो रिपोर्ट म्हणजे त्या धातूत कोणता घटक किती आहे याची तपासणी. प्रत्येक हीटला नंबर असतो आणि तोवर हा सगळा हिशेब सुपरवायझरच्या वहीत चालायचा. गिऱ्हाइकाला वही चालणार नव्हती. आप्पांनी सॉफ्टवेअरसाठी तीन कोटेशन मागवली आणि मला फोन केला.

"तीन कागद आलेत. एक म्हणतोय चौदा लाखांत सगळं करून देतो. दुसरा म्हणतोय तासाला नऊशे. तिसरा म्हणतोय दोन पोरं देतो, महिन्याला दोन लाख चाळीस हजार. स्वस्त कुठलं पडतंय, सांग की."

मी वीस वर्षं पुण्यात याच धंद्यात आहे. आधी बाहेरची कामं घेणाऱ्या कंपनीत होतो, आता कामं बाहेर देणाऱ्या कंपनीत आहे. आप्पांचा प्रश्न मला दोन्हीकडे शेकडो वेळा ऐकू आलाय, आणि दर वेळी तो चुकीच्या जागी सुरू होतो. तिघं तीन वेगळ्या वस्तू विकत होते. पहिला तयार माल विकत होता, दुसरा वेळ विकत होता, तिसरा माणसं देत होता. त्यांचे दर एका रांगेत मांडून काहीच कळत नाही.

आप्पांचा चार एकर ऊस आहे, म्हणून मी त्यांना शेतातल्याच शब्दांत सांगितलं. पहिल्यानं काम उक्तं घेतलंय. दुसरा रोजानं येणार. तिसरा सालगडी देणार. खुरपणी उक्ती द्यायची की रोजानं लावायची, हे आप्पा दर हंगामात ठरवतात आणि त्यांना ते कुणी शिकवावं लागत नाही. रान किती माजलंय हे डोळ्यांनी दिसत असेल तर उक्तं परवडतं. अंदाज येत नसेल तर रोजानं बरं. आणि बारा महिने सरणारच नाही असं काम असेल तर गडी ठेवावा लागतो. सॉफ्टवेअरच्या धंद्यात यांनाच फिक्स्ड प्राइस, टाइम अँड मटेरियल आणि डेडिकेटेड टीम म्हणतात. या तिघांत एकच गोष्ट बदलते. अंदाज चुकला तर पैसे कुणाचे जाणार?

उक्तं काम

फिक्स्ड प्राइसमध्ये अंदाजाची जोखीम काम घेणाऱ्यावर जाते, असं वाटतं. पण ती फुकट जात नाही. मी स्वतः अशी कोटेशन बनवलेली आहेत, त्यामुळे आतला हिशेब सांगतो. समजा, आम्हाला काम 1,200 तासांचं वाटलं. तासाला 900 रुपयांनी ते 10 लाख 80 हजार होतं. त्यावर 30 टक्के चढवले की झाले 14 लाख. हे वरचे सव्वातीन लाख म्हणजे आमच्या अज्ञानाचा विमा आणि त्याचा हप्ता गिऱ्हाईक भरतं. यात फसवणूक नाही. समोरच्याला नेमकं काय हवंय हे कुणालाच पुरतं माहीत नसताना ठाम आकडा मागितला, तर आकडा असाच येणार.

विम्याला जशा अटी असतात तशा इथेही असतात. करारासोबत कामाची यादी जोडलेली असते, तिला स्कोप म्हणतात. यादीत आहे ते चौदा लाखांत, यादीत नाही ते चेंज रिक्वेस्ट. म्हणजे फिक्स्ड प्राइसमध्ये फिक्स फक्त यादी असते. यादीत राहून गेलेल्या प्रत्येक गोष्टीची जोखीम काम देणाऱ्याकडे परत येते, आणि तीही अशा वेळी, जेव्हा अर्धे पैसे देऊन झालेले असतात आणि दुसरीकडे जायची सोय नसते.

आप्पांनी चौदा लाखांचा कागद घेतला. आकडा ठरलेला होता, बँकेला दाखवता येत होता. यादी अकरा पानांची होती. चौथ्या महिन्यात चाचणीला बसले तेव्हा सुपरवायझरनं विचारलं, "परत आलेलं कास्टिंग कुठं टाकायचं?"

फाउंड्रीबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो, कारण गोष्टीचं मर्म इथेच आहे. कास्टिंग वरून चांगलं दिसतं. गिऱ्हाइकाच्या मशीनशॉपमध्ये त्यावर टूल फिरलं की आत दडलेला ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे राहिलेली पोकळी, उघडा पडतो. मग ते कास्टिंग डेबिट नोटसकट परत येतं आणि पुन्हा भट्टीत जातं. म्हणजे जुन्या हीटमधला धातू नव्या हीटमध्ये मिसळतो. शिवाय एका हीटमधून वेगवेगळ्या पॅटर्नचे साचे भरले जातात आणि एकाच ऑर्डरचा माल दोन हीटमध्ये विभागला जातो. वही लिहिणाऱ्याला हे इतकं सवयीचं होतं की त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी एक कास्टिंग, एक हीट, संपला विषय, असं धरून सगळी रचना उभी केली होती. ती बदलायची म्हणजे पायापासून उकरायचं. पहिली चेंज रिक्वेस्ट पावणेदोन लाखांची आली. अशा सहा झाल्या. काम एकोणीस लाखांवर गेलं आणि तरी अडून राहिलं. आप्पा चिडले, समोरची कंपनीही चिडली. मला दोघांचंही पटत होतं, कारण सांगायला हवी होती ती गोष्ट कुणीच सांगितली नव्हती आणि विचारायला हवी होती ती कुणीच विचारली नव्हती.

हे फक्त लहान कारखान्यांत होतं असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यानं आपल्या आरोग्य खात्याच्या पगाराच्या सॉफ्टवेअरसाठी 2007 च्या डिसेंबरमध्ये आयबीएमला मुख्य कंत्राटदार नेमलं. या कामाचा मूळ आकडा सुमारे 60 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होता. कर्मचारी 80 हजारांच्या घरात, त्यांच्या पाळ्या, भत्ते आणि जादा तासांचे नियम अतोनात गुंतागुंतीचे. 2010 च्या मार्चमध्ये ते सुरू झालं आणि हजारो परिचारिकांना, डॉक्टरांना पगार कमी आला, जास्त आला किंवा आलाच नाही. दुरुस्ती आणि पुढची वर्षं चालवणं धरून एकूण खर्चाचा अंदाज 120 कोटी डॉलरच्या आसपास गेला. 2013 च्या चौकशी आयोगानं दाखवलेल्या मोठ्या चुकांपैकी एक अशी की, गरजा काय आहेत हे आधी नीट ठरवलंच गेलं नव्हतं. राज्य सरकार नंतर कोर्टात गेलं, पण 2010 मध्येच कंपनीशी तडजोडीचा करार झालेला असल्यानं दावा टिकला नाही. कागदावर ठरलेला आकडा होता, करार होता, वकील होते. नव्हती ती फक्त पुरी यादी.

उक्तं काम चांगलं कधी? यादी खरंच पुरी लिहिता येते तेव्हा. कंपनीची वेबसाइट, ठरलेल्या नमुन्याचे रिपोर्ट, जुन्या सॉफ्टवेअरमधला डेटा नव्यात नेणं, टॅलीला जोडणी. दोन महिन्यांच्या आत संपणारं, "झालं" म्हणजे काय हे दोघांनाही सारखंच कळणारं काम उक्तंच द्यावं.

रोजंदारी

टाइम अँड मटेरियलमध्ये तासांचा हिशेब येतो, टाइमशीट येते, महिन्याअखेर बिल येतं. अंदाज चुकला तर पैसे उघडपणे तुमचे जातात. त्या बदल्यात तुम्हाला मधेच दिशा बदलता येते. परत आलेल्या कास्टिंगचा प्रश्न पहिल्याच महिन्यात निघाला असता, कारण ठरलेल्या यादीचं रक्षण करण्यात कुणाचाच फायदा नसता.

पण रोजानं माणसं लावली की मालकाला बांधावर उभं राहावं लागतं. इथेच बहुतेकांचं चुकतं. दर आठवड्याला काय झालं ते स्क्रीनवर बघणारा, "हे नको, आधी ते करा" असं ठामपणे सांगणारा एक माणूस तुमच्याकडचा हवा. तो आठवड्यातले पाच-सहा तास खरोखर देऊ शकणार नसेल, तर रोजंदारीसारखं महाग काही नाही.

अमेरिकेत 2013 च्या ऑक्टोबरमध्ये आरोग्य विम्याची सरकारी वेबसाइट सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी कोसळली. मुख्य कंत्राटदाराशी करार असा होता की जो खर्च होईल तो सरकार देईल आणि वर ठरलेला मोबदला. त्या कंत्राटाची रक्कम 5 कोटी 60 लाख डॉलरवरून 20 कोटी 90 लाखांच्या वर गेली. अनेक कंत्राटदारांचे तुकडे एकत्र जुळवण्याची जबाबदारी सरकारी खात्यानं स्वतःकडे ठेवली होती आणि तेवढी तयारी त्या खात्याकडे नव्हती. बांधावर कुणी नव्हतं.

रोजंदारी घेतलीत तर तीन गोष्टी लिहून घ्या. महिन्याला जास्तीत जास्त किती तास, हा आकडा. तो ओलांडण्याआधी विचारायचं, ही अट. आणि दर पंधरा दिवसांनी चालतं सॉफ्टवेअर दाखवायचं, नुसती टाइमशीट नाही. काम मागं पडलं म्हणून माणसं वाढवू नका. खुरपणीला चार बायका जास्त लावल्या तर रान लवकर निघतं. सॉफ्टवेअरमध्ये नवा माणूस आला की जुन्यांचा वेळ त्याला समजावण्यात जातो. आयबीएमच्या एका अवाढव्य प्रकल्पाची धुरा वाहिलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं घातली की तो आणखी उशिरा होतो. माझ्या वीस वर्षांत मला याला अपवाद फार थोडे दिसलेत.

सालगडी

तिसऱ्या कागदाचा हिशेब बघा. दोन माणसं, महिन्याचे प्रत्येकी 160 तास, म्हणजे 320 तास. 2 लाख 40 हजारांना तासाचा दर पडतो 750. तेच 1,200 तास धरले तर काम नऊ लाखांत बसतं. कागदावर सगळ्यात स्वस्त. आप्पांना तेच वाटलं होतं.

यात दोन प्रकार आहेत आणि विकणारे ते मुद्दाम किंवा नकळत एकमेकांत मिसळतात. एका प्रकारात नुसती माणसं येतात, त्याला स्टाफ ऑगमेंटेशन म्हणतात. पगार त्यांची कंपनी देते, काम तुम्ही सांगायचं, आणि काम बिघडलं तर तेही तुमचंच. दुसऱ्या प्रकारात टीमसोबत टेस्टर असतो, रचना ठरवणारा अनुभवी माणूस असतो आणि कामाकडे लक्ष देणारा लीड असतो. तिला डेडिकेटेड टीम म्हणावं. आप्पांच्या कागदात फक्त दोन पोरं होती. त्यांना रोज सकाळी काय करायचं ते सांगणारा, त्यांचा कोड तपासणारा शिरोलीत कुणीच नव्हता. नुसती माणसं तेव्हाच घ्यावीत, जेव्हा तुमच्याकडे आधीपासून डेव्हलपर आहेत आणि फक्त हात कमी पडतायत.

माणसं घेताना नावानिशी घ्या. मुलाखतीला एक येतो आणि कामाला दुसरा, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय. चांगला माणूस गिऱ्हाईक मोठं झालं की तिकडे हलवला जातो. म्हणून करारात लिहावं की माणूस बदलायचा तर महिनाभर आधी सांगायचं आणि नव्याला समजावण्याचे दोन आठवडे बिलात धरायचे नाहीत.

बाकीचे प्रकार थोडक्यात. एकटा फ्रीलान्सर लहान कामाला उत्तम, पण तो आजारी पडला किंवा नोकरीला लागला की काम थांबतं. परदेशी कंपन्या पुण्या-बंगळुरूत स्वतःची केंद्रं काढतात, त्यांना जीसीसी म्हणतात. आधी इथल्या कंपनीनं केंद्र उभारायचं, चालवायचं आणि मग त्यांच्या हवाली करायचं, असाही करार असतो. कारखाना, पतसंस्था किंवा शाळा चालवणाऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नाही.

बनवलेलं नेमकं कुणाचं?

मॉडेल कुठलंही निवडा, हा भाग सोडू नका. आप्पांचं काम अडल्यावर आम्ही दुसरा माणूस शोधायचं ठरवलं, तेव्हा कळलं की सगळा कोड जुन्या कंपनीच्या खात्यात आहे, सर्व्हर त्यांच्या नावावर आहे आणि करारात मालकीबद्दल एक ओळही नाही. आप्पा म्हणाले, "पैसे मी दिलेत, मग माझंच की ते!"

कायदा तसं म्हणत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतींमध्ये मोडतो. पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. पण बाहेरच्या माणसाकडून किंवा कंपनीकडून पैसे देऊन करून घेतलेल्या सॉफ्टवेअरला हे लागू होत नाही. पैसे देऊन काढून घेतलेले फोटो, चित्रं, चित्रपट यांच्यासाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे. सॉफ्टवेअर त्या यादीत नाही. वेगळा लेखी करार नसेल तर हक्क लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या कंपनीकडे राहतात.

म्हणून हक्क लेखी आणि सहीनिशी तुमच्या नावावर करून घ्यावे लागतात. त्यातही कायद्याचं कलम 19 नीट वाचण्यासारखं आहे. मुदत लिहिली नाही तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरलं जातं. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. आणि मिळालेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर, करारात वेगळं लिहिलं नसल्यास, ते संपुष्टात येतात. "सर्व हक्क आमचे" इतकी मोघम ओळ त्यामुळे पुरत नाही. कायमचे, जगभरासाठी आणि वर्षभराची ती अट लागू नाही, असं तिन्ही स्पष्ट लिहावं. काम घेणाऱ्या कंपनीनं पुढे फ्रीलान्सर लावले असतील तर त्यांच्याकडून तिनं हक्क लिहून घेतलेत का, तेही विचारावं.

कायद्याइतकंच साधं व्यवहाराचं काम म्हणजे चाव्या. डोमेन, सर्व्हर, कोड ठेवायची जागा, ॲप स्टोअरचं खातं, ही सगळी पहिल्या दिवसापासून तुमच्या कंपनीच्या ईमेलवर उघडा आणि डेव्हलपरला आत येण्याची परवानगी द्या. उलटं करू नका.

सॉफ्टवेअरमध्ये कामगारांचे, सभासदांचे, विद्यार्थ्यांचे तपशील असतील तर 2023 चा डेटा संरक्षण कायदाही येतो. माहिती बाहेरच्या कंपनीच्या हातून फुटली तरी जबाबदारी तुमचीच राहते, करारात काहीही लिहिलेलं असो. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. निदान चाचणीसाठी खरी माहिती देऊ नका, बनावट नावं-आकडे भरून द्या.

पैशांचं म्हणाल तर कोटेशनवर 18 टक्के जीएसटी धरलाय का ते बघा. टीडीएसचं सीएला विचारा. आगाऊ रक्कम थोडी ठेवा आणि शेवटचा हप्ता कोड ताब्यात येऊन तुमच्या सर्व्हरवर चालल्यावरच द्या.

मग आप्पांनी काय केलं

जुन्या कंपनीशी भांडण वाढवलं नाही. राहिलेल्या हप्त्याच्या बदल्यात त्यांनी कोड दिला आणि हक्क लिहून दिले. समंजस माणसं होती.

नंतर नव्या कंपनीला आम्ही पहिलं काम फक्त तीन आठवड्यांचं दिलं, उक्तं, पैसे मोजून. त्यात एक ओळही कोड लिहायचा नव्हता. त्यांच्या दोन माणसांनी फाउंड्रीत दोन्ही पाळ्या उभं राहायचं, वही बघायची, मेल्टिंगपासून फेटलिंगपर्यंत (म्हणजे ओतलेला भाग घासून साफ करेपर्यंत) आणि डिस्पॅचपासून परत आलेल्या मालापर्यंत काय काय होतं ते लिहून काढायचं. बोअर मारण्याआधी पाणी बघतात, तसंच हे. या कामाला पैसे द्यायला बहुतेक मालक तयार नसतात आणि मला त्याची हळहळ वाटते, कारण सगळ्या खर्चात याच पैशांनी सर्वात जास्त वाचतं. त्या तीन आठवड्यांत सतरा अशा गोष्टी निघाल्या ज्या अकरा पानांच्या यादीत नव्हत्या.

त्यानंतर हीटची नोंद आणि परत आलेला माल, हा अवघड भाग तासावर दिला, महिन्याला दीडशे तासांची मर्यादा घालून. स्पेक्ट्रोचा रिपोर्ट आपोआप उचलणं आणि माल पाठवतानाच्या डिलिव्हरी चलनाची छपाई, ही ठरीव कामं दोन तुकड्यांत उक्ती दिली. एकच मॉडेल सगळ्याला लावायची सक्ती कुणी केलेली नसते.

आणि बांधावर कोण? वही लिहिणारा तोच सुपरवायझर. आप्पांनी त्याचा शनिवार मोकळा करून दिला. दुसऱ्या कुणाला नाही जमलं, ते त्याला जमलं. स्क्रीन बघून तो सांगायचा, "इथं लाइनवरचा माणूस हातमोजे घालून असतो. एवढं बारीक बटण त्याला दाबता येणार नाही."

आता महिन्याला ठरलेले चाळीस तास देणारा एकच डेव्हलपर आहे, नावानिशी. शेतावरच्या गड्यांसारखंच त्याचं सालही पाडव्याला ठरतं. या पाडव्याला आप्पांनी करारात एक कलम वाढवलं, की वर्षातून चार दिवस त्यानं फाउंड्रीत येऊन भट्टीपाशी उभं राहायचं. दिवसाचे पैसे वेगळे.